कप्तानबाईंचे पन्नास मीटर

बस गावात शिरली तेव्हा डावीकडच्या खिडकीतून समुद्र दिसत होता आणि उजवीकडच्या खिडकीतून तळं. मी एकदा या खिडकीत, एकदा त्या खिडकीत अशी नाचत होते. शेवटी मावशीने माझ्या बॅगेचा पट्टा धरून मला खाली ओढलं.

"चोवीस वर्षांची घोडी झालीस. दोन्हीकडचं पाणी पाच दिवस तिथेच राहणार आहे, पळून जात नाही."

"पण मावशी, दोन्हीकडे!"

"दिसतंय मला. डोळे नाही गेले माझे, गुडघे गेलेत."

ते गाव म्हणजे दोन पाण्यांच्या मधली एक अरुंद पट्टी होती. मधोमध एकच मोठा रस्ता. रस्त्याच्या एका अंगाला लांबलचक वाळूचा किनारा, दुसऱ्या अंगाला तळं आणि तळ्याच्या काठाने एकाला लागून एक अशा तीन बागा. समुद्रापासून तळ्यापर्यंत चालत चार मिनिटं लागतात. मी घड्याळ लावून मोजलं. आमची खोली बरोबर मधे, एका बेकरीच्या वर होती, त्यामुळे पहाटे पावाचा वास आणि दोन्ही खिडक्यांतून वारा. मला तर बॅग उघडायचाही धीर नव्हता.

मावशीचा कार्यक्रम ठरलेला होता. तिन्ही बागांतल्या सगळ्या बाकांवर बसून बघायचं आणि कुठला चांगला ते ठरवायचं. पहिल्या बागेतल्या पहिल्याच बाकाला तिने दहापैकी चार गुण दिले. "पाठ सरळ आहे, पण समोर कचऱ्याचा डबा. नापास." तिथून पुढे गेलो तर झाडांच्या फटीतून रंगीत होड्या दिसल्या आणि मी मावशीला जवळजवळ ओढतच धक्क्यावर नेलं.

तिथे मी कप्तानबाईंना पहिल्यांदा पाहिलं.

साठीला आलेल्या, बुटक्या, रुंद खांद्यांच्या बाई. अंगावर ढगळ पँट आणि नवऱ्याचा असावा असा बाह्या दुमडलेला शर्ट. हातात लांब बांबू, त्याच्या टोकाला लोखंडी आकडा. त्या आकड्याने होडी ओढायची, धरायची, ढकलायची, आणि हे सगळं करताना बोलणं एक क्षणही थांबायचं नाही. सगळं गाव त्यांना कप्तानबाई म्हणायचं. तिकीट खिडकीत बसलेले त्यांचे यजमान, तिकीटवाले काकासुद्धा.

आमच्या पुढे सहा जणांचं एक कुटुंब होतं. कप्तानबाईंनी त्यांच्याकडे एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"चष्मेवाले, तुम्ही मागे. ताई, तुम्ही मधे, बाळ मांडीवर. आजोबा पुढे नाही, मधे. अहो, तुम्ही कुठे निघालात पुढे? तुम्ही पुढे बसलात तर होडी पाणी प्यायला वाकेल."

तो जाडगेला गृहस्थ हसतहसत मागे गेला. होडी धक्क्यावरून सुटली ती अगदी सरळ, एखाद्या टेबलासारखी.

मावशीचा नंबर आल्यावर त्या म्हणाल्या, "तुम्ही मागे, मधोमध."

"माझं वजन तुम्हाला न विचारताच कळलं वाटतं?" मावशी फुरंगटली.

"वजन नाही हो कळत. होडी काय म्हणेल ते कळतं."

एकतीस वर्षांत त्यांच्या होडीतून पाण्यात काय काय पडलं याची यादी काका खिडकीतून ऐकवत होते. चार टोप्या, एक चप्पल, एक कुत्रा. माणूस एकही नाही. "कुत्राही स्वतःहून गेला. बदक बघून," कप्तानबाई म्हणाल्या.

आम्ही तळ्यात दोन फेऱ्या मारल्या. मला वल्हवता येत नव्हतं आणि त्याचा मला इतका आनंद झाला होता की परतताना धक्का जवळ आल्यावर मी उभी राहिले. वल्हं हातातून सुटलं. पाण्यावर तरंगत ते धक्क्यापासून लांब जाऊ लागलं.

कप्तानबाईंनी बांबू टाकला. हातभर कमी पडला. धक्क्याला पाण्यात उतरणाऱ्या चार पायऱ्या होत्या. एक पायरी उतरल्या असत्या तरी वल्हं मिळालं असतं. त्या उतरल्या नाहीत. एका हाताने खांब घट्ट धरून त्या नुसत्या वाकल्या होत्या, आणि खांबावरची त्यांची बोटं पांढरी पडली होती. मी कपड्यांसकट पाण्यात उडी मारली, चार हात मारून वल्हं आणलं, आणि वर आले तेव्हा मावशी कपाळाला हात लावून बसलेली.

कप्तानबाई मात्र माझ्याकडे टक लावून बघत होत्या. ओरडल्या नाहीत, हसल्या नाहीत. म्हणाल्या, "छान पोहतेस गं."

त्याच संध्याकाळी मावशी समुद्रकाठच्या एका बाकाला साडेसात गुण देत असताना त्या तिथे आल्या. आधी हवेविषयी बोलल्या, मग आमच्या खोलीविषयी. मग पर्समधून चार घड्या घातलेला एक कागद काढून माझ्या हातात दिला.

तलाव खात्याची नोटीस होती. नवीन नियम. बोटिंगचा परवाना ज्याच्या नावावर आहे, त्या व्यक्तीने निरीक्षकांसमोर पन्नास मीटर पोहून दाखवायचं. जमलं नाही तर परवाना संपला, धक्का दुसऱ्या कोणालातरी. तारीख येत्या सोमवारची, सकाळी नऊ.

"सोपं आहे की," मी म्हणाले. "पन्नास मीटर म्हणजे काहीच नाही."

"मला पोहता येत नाही."

मला वाटलं त्या चेष्टा करताहेत.

"खरंच. एक हातसुद्धा नाही."

मग त्यांनी सांगितलं. त्यांचं माहेर कोरड्या मुलखातलं. प्यायचं पाणी टँकरने यायचं, आणि आंघोळीच्या बादलीपेक्षा जास्त पाणी त्यांनी एका ठिकाणी पाहिलेलं नव्हतं. लग्नाच्या बोलणीत सासऱ्यांनी एकच प्रश्न विचारला होता, "आमचा धंदा पाण्याचा. मुलीला पोहता येतं ना?" त्यांच्या वडिलांनी ताबडतोब सांगून टाकलं, "येतं की! मासोळी आहे मासोळी." लग्न झालं. दोन वर्षांनी काका होड्यांची शेड रंगवताना शिडीवरून पडले, त्यांचा खांदा कायमचा गेला, आणि परवाना कप्तानबाईंच्या नावावर आला.

"म्हणजे काकांना माहीत नाही?" मावशीने विचारलं.

"तेहेतीस वर्षं झाली हो. आता कुठल्या तोंडाने सांगू? पहिल्या वर्षी सांगायला हवं होतं. मग दुसऱ्या वर्षी वाटलं, आता उशीर झाला."

"आणि कधी पडला असतात तर?"

"म्हणून तर पडले नाही. पाण्यात पडायचं नसतं म्हणूनच माणसाने होडी काढली ना?" त्या म्हणाल्या आणि हसल्या. मग हसू गेलं. "त्या धक्क्याची एकेक फळी मी बदललीय. तो हातातून गेला तर मी सकाळी उठून जायचं कुठे? चार दिवस आहेत. शिकवशील?"

मी इतक्या जोरात हो म्हणाले की शेजारच्या बाकावरची माणसं वळली.

तळ्यात शिकणं शक्यच नव्हतं, सगळ्या गावाचे डोळे तिथे. समुद्राच्या टोकाला खडकांच्या आड एक उथळ जागा होती, पाणी कमरेएवढं, लाटा जेमतेम. काकांना सांगायचं कारणही ठरलं. पाहुण्या ताईंबरोबर रोज पहाटे फिरायला जायचं.

"माझे गुडघे आणि पहाटेचं फिरणं!" मावशी म्हणाली. "इतकं न पटणारं खोटं मी जन्मात ऐकलं नाही." तरी ती रोज आली. टॉवेल मांडीवर घेऊन वाळूत खुर्ची टाकून पहारा देत बसायची.

पहिल्या दिवशी मी व्याख्यान दिलं. मी ज्या प्रयोगशाळेत काम करते तिथे मोजमापाची उपकरणं तपासून घेतात. तापमापक, दाबमापक, द्रवात तरंगून त्याची घनता सांगणाऱ्या काचेच्या नळ्या. तेव्हा तरंगणं हा माझा हातखंडा विषय. मी वाळूवर आकृती काढली, बाण काढले. कप्तानबाईंनी मन लावून ऐकलं, पाण्यात उतरल्या, पाठीवर आडव्या झाल्या, आणि दगडासारख्या खाली गेल्या.

वर आल्या त्या खोकत. "तुझा बाण कुठे गेला गं?"

"घाबरू नका, अंग सैल सोडा!"

"घाबरतंय कोण? मी बुडतेय!"

मी हात खाली धरून त्यांना आडवं करायची, हात काढला की पाय खाली, पायांमागून बाकीच्या. दुसऱ्या दिवशी, शुक्रवारीही तेच. मावशी किनाऱ्यावरून गुण देत होती. दोन. दीड. पुन्हा दोन. मग कितव्यांदा तरी नाकातोंडात पाणी गेल्यावर त्या उभ्या राहिल्या, तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "थांब. तू बोलू नकोस. मला बघू दे."

आणि त्यांनी स्वतःकडे तसं पाहिलं जसं त्या धक्क्यावर गिऱ्हाइकाकडे बघायच्या.

"पाय जड आहेत. म्हणजे मागे दोन जाडे बसलेत आणि पुढे कोणीच नाही. मग होडी बुडणारच. पुढे कोणाला तरी बसवायला पाहिजे." त्यांनी दोन्ही हात डोक्याच्याही पलीकडे लांब ताणले, डोकं मागे टाकलं, आणि आडव्या झाल्या. मी हात काढून घेतला.

पाय वर आले. आधी अंगठे, मग घोटे. त्या तरंगत होत्या.

"मावशी!" मी किंचाळले. "मावशी, बघ!"

"बघतेय! नऊ! नऊ गुण!"

कप्तानबाईंना काहीच ऐकू येत नव्हतं, कान पाण्यात होते. त्या आभाळाकडे बघत लहान मुलासारखं हसत होत्या.

त्यानंतर सगळं भराभर झालं. हात कसे मारायचे ते मी शिकवायच्या आधीच त्यांनी ठरवून टाकलं. दोन्ही हात एकदम, वल्ह्यांसारखे. एकच भानगड होती. एकतीस वर्षं बांबू ओढून उजवा हात डाव्यापेक्षा इतका दणकट झाला होता की त्या हळूहळू डावीकडे वळत जायच्या. शनिवारी त्या निघाल्या सरळ आणि पोचल्या मावशीच्या खुर्चीपाशी.

"या, बसा," मावशी म्हणाली.

त्यावरही त्यांनीच उपाय काढला. "वल्हवणारा कधी पुढे बघतो का? तो पाठ करून बसतो. मागची खूण समोर धरायची आणि मागे जात राहायचं." मावशीला त्यांनी खूण केलं. तिची खुर्ची आपल्या दोन पावलांच्या बरोबर मधे दिसली पाहिजे, डावीउजवीकडे सरकली की समजायचं आपण वळलो. रविवारी सकाळी त्या वाळूजवळून खडकापर्यंत, माझ्या पावलांनी मोजलेले पन्नास मीटर, न थांबता गेल्या. मी पाण्यात नाचले. परीक्षा म्हणजे आता किरकोळ बाब होती.

त्याच दुपारी खोलीत मावशी पाय शेकायला बसली. बादलीत गरम पाणी ओतून मी मिठाचा डबा घेतला.

"दोन मुठी टाक," ती म्हणाली.

एक मूठ टाकली. दुसरी हातातच राहिली.

"काय गं? पुतळा का झालीस?"

मीठ! मी रोज काय करते? काचेची नळी साध्या पाण्यात सोडते, ती खाली बसते. खाऱ्या पाण्यात सोडते, ती वर येते. नोकरी लागल्यापासून हेच करते, पगार त्याचाच घेते. आणि एका बाईला चार दिवस समुद्रात तरंगायला शिकवलं, जिची परीक्षा तळ्यात होती. गोड्या पाण्यात! समुद्रातही त्या जेमतेम तरंगत होत्या. तळ्यात त्या नक्की खाली बसणार होत्या.

मी मूठ तशीच धरून धावत सुटले. चार मिनिटांचं अंतर मी दीड मिनिटात कापलं असेल. रविवारची गर्दी धक्क्यावर ओसंडत होती. कप्तानबाईंना बाजूला ओढून मी धापा टाकत सगळं सांगितलं.

त्या शांतपणे म्हणाल्या, "अगं, समुद्रातली होडी तळ्यात आणली की अंगठाभर खाली बसते. हे मला माहीत नाही होय?"

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"तू शिकलेली. मला वाटलं तू काहीतरी हिशोब केला असशील."

माझ्या मुठीतलं मीठ घामाने ओलं होऊन बोटांतून गळत होतं.

"एकदा तरी तळ्यात उतरून बघायला हवं," मी म्हणाले. "आज. गर्दी कधी कमी होते?"

"रविवारी? अंधार पडेपर्यंत नाही. आणि अंधारात मला माझी खूण कशी दिसणार?" त्यांनी धक्क्याकडे पाहिलं. होड्यांकडे, रांगेकडे, तिकीट खिडकीकडे. खिडकीत काका एका लहान मुलीला विचारत होते की तिची बाहुली मोठी आहे की लहान, कारण त्यावर तिकीट ठरतं. कप्तानबाईंनी बांबू माझ्या हातात दिला आणि सरळ खिडकीपाशी गेल्या. मी मागेच होते.

"अहो, मला पोहता येत नाही."

"हं," काका म्हणाले. "मलापण उडता येत नाही. काय हवंय?"

"चेष्टा नाही. बाबा तेव्हा खोटं बोलले होते. मला कधीच येत नव्हतं. उद्या परीक्षा आहे. या पोरीने समुद्रात शिकवलंय, पण तळ्यात जमेल की नाही माहीत नाही. म्हणून आत्ता उतरतेय."

काकांचा हात तिकिटांच्या गठ्ठ्यावर तसाच राहिला. चेहरा हळूहळू पांढरा पडला. मला वाटलं ते हसतील. ते खुर्ची मागे ढकलून उठले.

"गेल्या पावसाळ्यात त्या शेवटच्या फळीवर एका पायावर उभी राहून तू साखळी ओढत होतीस."

"हो."

"आणि मी इथे बसून चहा पीत होतो! म्हटलं, पडली तर पडली, येईल पोहून!" त्यांचा आवाज चढला. "अगं, जॅकेट तरी घालायचंस! शंभर जॅकेटं टांगलीत मागे!"

"घातलं असतं तर तुम्ही विचारलं असतं, का घातलं."

काकांनी चांगल्या हाताने खिडकीचं दार खाली ओढलं, "बोटिंग बंद आहे" ही पाटी लावली, आणि बाहेर येऊन म्हणाले, "कुठे उभा राहू?"

कप्तानबाई पायऱ्या उतरल्या. पहिली, दुसरी, तिसरी. चौथीवर पाणी गुडघ्यापर्यंत आलं. काठावर ही गर्दी! होडीत चढायला आलेली माणसं, आइस्क्रीम खाणारी माणसं, तिन्ही बागांतली माणसं. कप्तानबाई पाण्यात, हे दृश्य गावाने कधी पाहिलेलं नव्हतं. त्या आडव्या झाल्या आणि लगेच खाली बसल्या. पाणी ओठांच्या कडेला लागलं, नाक तेवढं बाहेर.

"बुडाल्या! कप्तानबाई बुडाल्या!" कोणीतरी ओरडलं, आणि बागेच्या माळ्याने धावत येऊन भिंतीवरची हवेची लाल रिंग नेम धरून फेकली. ती त्यांच्या पोटावर आदळली.

त्या उठून उभ्या राहिल्या. पाणी छातीपर्यंतच होतं. "अरे मेल्या, शिकतेय मी!"

"काय शिकताय?"

"पोहायला!"

काठावर अशी शांतता पसरली की बदकांचा आवाज ऐकू यायला लागला. मग एक जण हसला, मग दहा, मग सगळेच. कप्तानबाईंचे कान लाल झाले. मला वाटलं, आता त्या वर येतील. त्यांनी रिंग उचलून माळ्याकडे परत भिरकावली आणि माझ्याकडे वळल्या.

"अंगठाभर खाली बसतेय. काय करायचं?"

या प्रश्नाचं उत्तर मला खरोखरच माहीत होतं. "छातीत हवा भरून ठेवायची. पूर्ण सोडायचीच नाही. थोडी सोडा, लगेच भरा. फुगा रिकामा होऊ द्यायचा नाही."

पुन्हा आडव्या. खाली बसल्या, हवा भरली, वर आल्या. सोडली, बसल्या, भरली, वर. अर्ध्या तासाने दहा मीटर. पाऊण तासाने वीस. हसणारे लोक आता मोजत होते. संध्याकाळ होईपर्यंत पस्तीस झाले, आणि तिथे त्या दमल्या. पस्तीसच्या पुढे एकदाही नाही.

"उरलेले पंधरा उद्या बघू," त्या टॉवेल गुंडाळत म्हणाल्या. दात वाजत होते. काका टॉवेलचं टोक धरून शेजारी चालत होते, अजून रागातच.

सोमवारी सकाळी पावणेनऊलाच अख्खं गाव हजर होतं. मावशीने धक्क्यासमोरचा बाक धरून ठेवला होता आणि तो गैरसोयीचा असूनही त्याला पूर्ण गुण दिले होते. निरीक्षक म्हणजे माझ्यापेक्षा थोड्या मोठ्या एक बाई निघाल्या, हातात फळी, फळीला कागद. त्यांनी टेप लावून अंतर मोजलं. धक्क्यापासून पन्नास मीटरवर एक निळं पिंप तरंगत बांधलं होतं. शेजारून सोबतीला एक होडी, माळी वल्ह्यावर, मी मधे.

"कशीही पोहा," निरीक्षक बाई म्हणाल्या. "वेळेचं बंधन नाही. मधे कशाला धरायचं नाही, पाय टेकायचे नाहीत."

"पाठीवर चालेल?"

"चालेल."

कप्तानबाईंनी काकांना धक्क्याच्या बरोबर मधल्या फळीवर उभं केलं. "तुम्ही माझी खूण. काही झालं तरी हलायचं नाही."

"मी कशाला हलतोय?"

त्या निघाल्या. हवा भरली, हात मागे, ओढा. हवा भरली, हात मागे, ओढा. पाच मीटर. दहा. काठावर कोणी बोलत नव्हतं. काका त्यांच्या पावलांच्या बरोबर मधे ताठ उभे. वीस मीटर झाले. पंचवीस झाल्यावर लोकांना राहवेना, आरडाओरडा सुरू झाला, आणि मी होडीत उभी राहणार तेवढ्यात माळ्याने माझा शर्ट ओढला.

तेवढ्यात काय झालं, कप्तानबाई वळायला लागल्या. पिंप त्यांच्या उजवीकडे राहिलं आणि त्या तळ्याच्या मध्यावर निघाल्या, जिथे पाणी सगळ्यात खोल.

"उजवा हात हलका!" मी ओरडले. पण त्यांना कुठलं ऐकू येणार! आणि त्यांचे दोन्ही हात तर सारख्याच जोराने पडत होते. मग वळताहेत कशाने? मी धक्क्याकडे पाहिलं. मधली फळी रिकामी होती.

काका काठाकाठाने धावत होते! बायकोला जवळून बघायला, एक हात हवेत हलवत, "ये, ये, ये!" ओरडत. आणि कप्तानबाई आपल्या खुणेला इमानाने दोन पावलांच्या मधे धरून होत्या. खूण जसजशी काठाने पुढे सरकत होती, तसतसं त्यांचं डोकं खोल पाण्याकडे वळत होतं.

"काका! मागे जा! फळीवर जा!"

"काय?"

"तुम्ही खूण आहात!" मावशी बाकावर उभी राहून ओरडली. तिच्या त्या गुडघ्यांनी! "अहो, फळीवर!"

काकांना एकदम समजलं. ते तिथल्या तिथे गर्रकन वळले आणि असे पळाले की त्यांची एक चप्पल बागेत राहिली. धक्क्यावर चढले, मधल्या फळीवर येऊन उभे राहिले, छाती वरखाली होत होती, पण हलले नाहीत. पाण्यातली दोन पावलं हळूहळू त्यांच्याकडे फिरली. डोकं पिंपाकडे आलं.

पण या वळणात कितीतरी अंतर फुकट गेलं होतं. सरळ रेषेत चाळीस झाले तेव्हा त्यांनी खरं तर पंचावन्न तरी कापले असतील. काल त्या पस्तिसालाच थांबल्या होत्या. आता हात जड पडत होते. पाणी डोळ्यांच्या कडेपर्यंत आलं होतं. एकदा तोंडात गेलं, खोकल्या, हवा सुटली, आणि त्या खाली गेल्या. निरीक्षक बाईंनी पेन उचललं. माळ्याने वल्हं पुढे केलं, मी त्याचा हात धरला. "थांबा. धरलं तर नापास होतील. थांबा!"

मी मोजत होते. एक. दोन. तीन.

आधी हात वर आले, डोक्याच्या पलीकडे ताणलेले. मग नाक. मग हवा आत ओढल्याचा असा मोठा आवाज की तो काठावरही ऐकू गेला. ओढा. पुन्हा ओढा. पंचेचाळीस. सत्तेचाळीस. एका हाताचा ठोसा पिंपाला लागला आणि पिंप ढण्णकन वाजलं.

मग जे काही झालं ते मला नीट सांगता येणार नाही. माळी वल्हं सोडून टाळ्या वाजवत होता, होडी गोल फिरत होती, काठावर लोक एकमेकांच्या गळ्यात पडत होते, मावशी बाकावरून उतरायला कोणाचा तरी हात मागत होती. निरीक्षक बाईंनी फळीवरच्या कागदावर सही केली आणि ती काकांना दाखवली, पण काकांना कागद दिसत नव्हता, ते पाण्याकडे बघत होते.

आम्ही होडी पिंपाजवळ नेली. मी वाकून हात पुढे केला. "झालं काकू! पास झालात! परवाना तुमचाच! चला, होडीत या."

त्या पिंपाला टेकून धापा टाकत होत्या. केस कपाळाला चिकटलेले, डोळे लाल, आणि चेहऱ्यावर असा आनंद की मी हात तसाच धरून राहिले. त्यांनी माझ्या हाताकडे पाहिलं. मग धक्क्याकडे पाहिलं, तिथे मधल्या फळीवर काका एका चपलेत उभे होते.

"धक्का तर तिकडे आहे," त्या म्हणाल्या.

"हो, पण परीक्षा संपली! आता पोहायची गरज नाही!"

त्यांनी छाती भरून हवा घेतली, पिंपाला पायाने एक धक्का दिला आणि पाठीवर आडव्या होऊन परत निघाल्या.